'आपण' आणि 'आम्ही' : हवामान-न्यायाच्या मागणीतील सर्वनामाचा प्रश्न

१. विषयप्रवेश

हवामानबदलाविषयी गेल्या तीन-साडेतीन दशकांत जे विपुल लेखन झाले, त्यात एक सर्वनाम सातत्याने आढळते. 'आपण पृथ्वीची हानी केली', 'आपल्याला जीवनशैली बदलावी लागेल', 'आपल्या हाती थोडाच अवधी उरला आहे' अशी विधाने वैज्ञानिक अहवालांपासून शालेय निबंधांपर्यंत सर्वत्र दिसतात. या वाक्यांचा कर्ता नेमका कोण, हा प्रश्न वरवर पाहता व्याकरणाचा वाटतो. तथापि हवामानविषयक आंतरराष्ट्रीय वाटाघाटींचा इतिहास पाहिला, तर त्यांतील मूलभूत वाद याच प्रश्नाभोवती उभा राहिलेला दिसतो.

'हवामान-न्याय' ही संकल्पना थोडक्यात अशी मांडता येईल : वातावरणातील हरितगृह वायूंच्या साठ्यात ज्यांनी सर्वांत कमी भर घातली, त्यांच्याच वाट्याला त्या साठ्याचे सर्वांत तीव्र परिणाम येतात, म्हणून एका पक्षाची हानी आणि दुसऱ्या पक्षाची समृद्धी यांतील संबंध योगायोगाचा न मानता उत्तरदायित्वाचा मानला पाहिजे. या संकल्पनेत तीन मागण्या अंतर्भूत आहेत. भार आणि लाभ यांची वाटणी न्याय्य व्हावी, ही पहिली. निर्णयप्रक्रियेत बाधितांचा आवाज ऐकला जावा, ही दुसरी. झालेल्या हानीचे परिमार्जन व्हावे, ही तिसरी. यांपैकी दुसऱ्या मागणीशी साहित्याच्या अभ्यासकांचा निकटचा संबंध आहे. कारण कोण बोलतो, कोणाच्या वतीने बोलतो आणि कोणत्या भाषेत बोलतो, हे प्रश्न आपल्या विद्याशाखेचे नित्याचे प्रश्न आहेत.

प्रस्तुत लेखात पॅसिफिक महासागरातील बेटराष्ट्रांनी, विशेषतः व्हानुआतूने, चालवलेल्या हवामान-न्यायाच्या मोहिमेचा या दृष्टीने परामर्श घ्यावयाचा आहे. ही मोहीम सर्वसमावेशक 'आपण'मध्ये विरून गेलेला 'आम्ही' पुन्हा उभा करण्याचा प्रयत्न आहे, आणि तो समजून घेण्यासाठी मराठीसारख्या भाषेचा अभ्यासक विशेष अनुकूल स्थानी आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

२. दोन भाषा, एक भेद

उत्तम पुरुषाच्या अनेकवचनात मराठी दोन सर्वनामे वापरते. 'आम्ही' या सर्वनामातून श्रोता वगळला जातो. 'आपण' या सर्वनामात तो सामावला जातो. 'आम्ही निघतो' आणि 'आपण निघू या' यांतील अंतर मराठी मुलाला शाळेत शिकवावे लागत नाही. आदरार्थी द्वितीय पुरुष आणि 'स्वतः' हे 'आपण'चे इतर अर्थ येथे बाजूला ठेवू. हा भेद गुजरातीत आहे. तमिळ, तेलुगू व मल्याळम या द्राविडी भाषांतही तो स्पष्ट आहे. प्रमाण हिंदीतील 'हम' मात्र दोन्ही कामे करतो आणि इंग्रजी व फ्रेंच या भाषांतही हा व्याकरणिक भेद नाही.

व्हानुआतूच्या बिस्लामा या राष्ट्रभाषेत हाच भेद 'युमी' आणि 'मिफाला' या सर्वनामांनी व्यक्त होतो. बिस्लामाचा शब्दसंग्रह प्रामुख्याने इंग्रजीतून आला. मळ्यांवर आणि जहाजांवर राबवल्या गेलेल्या बेटवासीयांनी एकोणिसाव्या शतकात ती घडवली. 'यू' आणि 'मी' यांच्या जोडीतून 'युमी' तयार झाले. 'मी' आणि 'फेलो' यांतून 'मिफाला'. शब्द परक्यांचे घेतले, पण त्यांची मांडणी ओशनिक भाषांच्या व्याकरणाने केली, आणि मूळ इंग्रजीत नसलेला भेद त्या उसन्या शब्दांत घडवला. व्हानुआतूच्या राष्ट्रगीताचे नावच 'युमी, युमी, युमी' असे आहे. शंभराहून अधिक भाषा बोलणाऱ्या, आज सुमारे तीन लाख लोकसंख्या असलेल्या राष्ट्राने स्वातंत्र्याच्या वेळी समावेशक सर्वनाम हे आपल्या ऐक्याचे चिन्ह मानले, ही बाब लक्षणीय आहे.

या भूमीवर १९०६ ते १९८० या काळात ब्रिटन आणि फ्रान्स यांची संयुक्त सत्ता होती. 'न्यू हेब्रिडीज' हे तिचे तत्कालीन नाव. पुढे ज्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात या राष्ट्राने आपला प्रश्न नेला, त्या हेग येथील न्यायालयाच्या अधिकृत भाषाही इंग्रजी आणि फ्रेंच याच आहेत. ज्या भाषांत आपल्यावर राज्य झाले, त्याच भाषांत न्याय मागायचा, आणि ज्या भाषांत 'मिफाला'ला स्वतंत्र रूप नाही त्या भाषांत 'मिफाला'चे म्हणणे मांडायचे, असा हा पेच आहे.

३. समावेशक कर्त्याचा इतिहास

पॉल क्रुट्झेन आणि यूजीन स्टॉर्मर यांनी २००० साली 'अँथ्रोपोसीन', म्हणजे मानवयुग, ही संज्ञा पुढे आणली. मानव ही एक भूशास्त्रीय शक्ती बनली आहे, असा तिचा आशय. दीपेश चक्रवर्ती यांनी २००९ च्या आपल्या निबंधात इतिहासकाराने आता मानवाचा विचार एक जीवजाती म्हणूनही केला पाहिजे, असे सुचवले आणि मानव्यविद्यांत त्यावर दीर्घ चर्चा झाली. आक्षेपकांचे म्हणणे असे की, ही जाती एकसंध नाही. कोळसा व खनिज तेल जाळण्याचे निर्णय विशिष्ट समाजांनी, विशिष्ट वर्गांनी आणि विशिष्ट काळात घेतले. भूशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने मार्च २०२४ मध्ये मानवयुगाला औपचारिक कालखंडाचा दर्जा देण्याचा प्रस्ताव फेटाळला. तरी सांस्कृतिक चर्चेतील त्या संज्ञेचे स्थान कायम आहे. 'आपण'चे हे सर्वांत विस्तृत रूप म्हणता येईल.

या रूपाला पहिले ठळक आव्हान देणाऱ्या लेखनात एक भारतीय संशोधन येते. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने १९९१ मध्ये अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांची 'ग्लोबल वॉर्मिंग इन अॅन अनइक्वल वर्ल्ड' ही पुस्तिका प्रसिद्ध केली. वॉशिंग्टनच्या एका संशोधनसंस्थेने त्याआधी देशोदेशींच्या उत्सर्जनाची जी आकडेवारी मांडली होती, तिच्या गणनपद्धतीचा या पुस्तिकेत प्रतिवाद आहे. भातखाचरांतून निघणारा मिथेन आणि मोटारगाड्यांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड यांना एकाच मापाने मोजणे म्हणजे जगण्यासाठी होणारे उत्सर्जन आणि चैनीसाठी होणारे उत्सर्जन यांतील भेद पुसणे होय, हा तिचा युक्तिवाद होता. गणिताच्या कोष्टकातही सर्वनाम दडलेले असते, हे या पुस्तिकेने दाखवले.

त्याच वर्षी व्हानुआतूने लहान बेटराष्ट्रांच्या संघाच्या वतीने एक प्रस्ताव मांडला. समुद्रपातळी वाढल्याने सखल प्रदेशांची जी हानी होईल तिची भरपाई करण्यासाठी एक आंतरराष्ट्रीय विमानिधी उभारावा, आणि औद्योगिक राष्ट्रांनी आपले उत्पन्न व उत्सर्जन यांच्या प्रमाणात त्यात वर्गणी भरावी, असे त्याचे स्वरूप होते. १९९२ च्या हवामानविषयक चौकट करारात हा प्रस्ताव स्वीकारला गेला नाही. करारात आले ते 'सामाईक परंतु विभेदित उत्तरदायित्व' हे तत्त्व.

या तत्त्वाच्या अनुवादासंबंधी थोडे विवेचन येथे आवश्यक आहे. भारतीय भाषांत त्यातील पहिल्या पदासाठी पुष्कळदा 'समान' हा शब्द योजला जातो. तो दिशाभूल करणारा आहे. कारण समान उत्तरदायित्व विभेदित असू शकत नाही. 'सामाईक' हा मराठी शब्द येथे अधिक नेमका ठरतो. सामाईक विहीर सर्व हिस्सेदारांची असते, पण प्रत्येकाचा हिस्सा आणि पाण्याची पाळी ठरलेली असते. एकाने आपल्या पाळीहून अधिक उपसा केला, तर इतरांना त्याच्याकडे हिशेब मागता येतो. सामाईक असण्यामुळे हिशेब संपत नाही, तो सुरू होतो. 'आपण' आणि 'आम्ही' या दोहोंना एकाच वाक्यात बसवण्याचा तो प्रयत्न होता.

पुढील वाटाघाटींत या हिशेबाचे शब्द एकेक करून सौम्य होत गेले. 'हानी व नुकसान' ही संज्ञा रूढ झाली आणि २०१३ मध्ये वॉर्सा येथे तिच्यासाठी स्वतंत्र यंत्रणा निर्माण झाली. २०१५ च्या पॅरिस करारात तिला स्वतंत्र कलम मिळाले. परंतु करारासोबतच्या निर्णयात असे नमूद केले गेले की, या कलमातून कोणतेही दायित्व वा भरपाई उद्भवत नाही. मराठी वाचकाला हे वाक्य विचित्र वाटेल, कारण आपल्या व्यवहारात 'नुकसान' या शब्दापाठोपाठ 'भरपाई' हा शब्द जवळजवळ आपोआप येतो. २०२२ मध्ये शर्म-अल-शेख येथे निधी स्थापण्याचा निर्णय झाला आणि ३० नोव्हेंबर २०२३ रोजी दुबईत तो कार्यान्वित करण्यात आला. मात्र हा निधीही सहकार्याच्या तत्त्वावर उभा आहे, दायित्वाच्या नव्हे. १९९१ च्या प्रस्तावापासून बत्तीस वर्षांनी पैसे ठेवण्याची पेटी मिळाली, पण त्या पैशांना 'देणे' म्हणण्याची मुभा मिळाली नाही.

४. मोजमाप आणि प्रतिमा

बाधितांच्या 'आम्ही'ला दुसरा धोका सहानुभूतीकडून येतो. 'बुडती बेटे' ही प्रतिमा वृत्तपत्रांनी आणि माहितीपटांनी जगभर पोहोचवली. तिच्यामुळे लक्ष वेधले गेले हे खरे. पण तिच्यात बेटवासी हे केवळ बुडणारे, वाट पाहणारे आणि लवकरच नाहीसे होणारे लोक ठरले.

संशोधनाने या प्रतिमेला गुंतागुंतीचे उत्तर दिले आहे. तुवालूच्या १०१ बेटांच्या किनारारेषांचा १९७१ ते २०१४ या काळातील अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. समुद्रपातळी वाढत असूनही त्या राष्ट्राचे एकूण भूक्षेत्र सुमारे २.९ टक्क्यांनी वाढल्याचे त्यात आढळले. लाटांनी आणलेल्या प्रवाळ-गाळाचा त्यात वाटा आहे. याउलट सॉलोमन बेटांच्या अभ्यासात, १९४७ ते २०१४ या काळात वनस्पतींनी आच्छादलेली पाच प्रवाळबेटे पूर्णतः नष्ट झाल्याचे २०१६ मध्ये नोंदवले गेले. पहिला निष्कर्ष हवामानबदल नाकारणाऱ्यांनी उत्साहाने वापरला. परंतु बेटाचे क्षेत्रफळ टिकणे आणि बेट राहण्याजोगे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भरतीचे पाणी वारंवार घरांत शिरणे, गोड्या भूजलात खार मिसळणे, अळूवर्गीय कंदांचे खड्डे निकामी होणे, प्रवाळ मरून मासे दुर्मीळ होणे, या मार्गांनी वसतिस्थान पाण्याखाली जाण्याच्या पुष्कळ आधी निरुपयोगी होऊ शकते. बुडण्याच्या प्रतिमेत हे काहीच मावत नाही. म्हणून बाधितांची बाजू घेणाऱ्या संशोधनाला सोयीच्या प्रतिमेवर विसंबून चालत नाही. अचूकता हीच तेथे पक्षपाताची अट ठरते.

साहित्याच्या अंगाने हीच दुरुस्ती त्याआधीच झाली होती. तोंगा वंशाचे लेखक व मानवशास्त्रज्ञ एपेली हाउओफा यांनी १९९३ मध्ये 'अवर सी ऑफ आयलंड्स' हा निबंध प्रसिद्ध केला. पॅसिफिककडे दूरच्या समुद्रातील विखुरलेले लहान ठिपके म्हणून पाहणे ही वसाहतकारांची दृष्टी आहे. पूर्वजांच्या दृष्टीने तो बेटांनी भरलेला एक समुद्र होता, आणि समुद्र हा त्यांच्या घराचाच भाग होता, असा या निबंधाचा आशय आहे. मार्शल बेटांच्या कवयित्री कॅथी जेटनिल-किजिनर यांनी सप्टेंबर २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेच्या उद्घाटनात आपल्या लहान मुलीला उद्देशून लिहिलेली कविता वाचली. जगाच्या प्रतिनिधींसमोर उभे राहून त्यांना न संबोधता स्वतःच्या मुलीला संबोधणे, ही त्या कवितेची युक्ती अभ्यसनीय आहे : सभागृहातील श्रोते तेथे 'आपण'मधून बाहेर ठेवले जातात आणि दुसऱ्यांच्या घरचे बोलणे ऐकणारे साक्षीदार बनतात.

या बेटांसाठी विस्थापनही नवे नाही. १९४६ ते १९५८ या काळात अमेरिकेने मार्शल बेटांच्या परिसरात ६७ अणुचाचण्या केल्या आणि बिकिनीचे रहिवासी हलवले गेले. बनाबा या बेटावर १९०० पासून १९७९ पर्यंत फॉस्फेटचे उत्खनन झाले. ते खत परदेशच्या शेतांत गेले आणि बनाबाच्या रहिवाशांना डिसेंबर १९४५ मध्ये फिजीतील राबी बेटावर नेण्यात आले. पापुआ न्यू गिनीच्या कार्टरेट बेटांवरील ज्येष्ठांनी २००६ मध्ये स्थलांतरासाठी जी संस्था काढली, तिचे नाव 'तुलेले पेइसा' आहे. स्वतःच्या बळावर लाटांवरून प्रवास करणे, असा त्याचा अर्थ होतो. जाणे अटळ असेल तर निदान त्या क्रियापदाचा कर्ता आम्ही असू, असा या नावाचा आग्रह दिसतो.

५. साक्षीची संहिता

या पार्श्वभूमीवर न्यायालयीन मार्गाचा विचार करू. तेथे साक्ष ही संहितेचा एक प्रकार म्हणून समोर येते, आणि त्या संहितेचे कोणते वाचन ग्राह्य धरायचे हे कायदा ठरवतो.

किरिबातीच्या एका नागरिकाने न्यूझीलंडमध्ये आश्रय मागितला होता. तो नाकारला जाऊन २०१५ मध्ये त्याला परत पाठवण्यात आले. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने जानेवारी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मतात त्याच्या हक्कांचा भंग झाला नाही असे ठरवले. तथापि हवामानाच्या परिणामांमुळे जीविताला धोका असेल तेथे माणसाला परत पाठवता येणार नाही, अशी परिस्थिती उद्भवू शकते, हे तत्त्व तिने मान्य केले. सप्टेंबर २०२२ मध्ये याच समितीने टॉरेस सामुद्रधुनीतील बेटांवरच्या आदिवासी रहिवाशांच्या तक्रारीवर निर्णय दिला. या बेटांचे पुरेसे रक्षण न करून ऑस्ट्रेलियाने त्यांच्या खाजगी व कौटुंबिक जीवनाच्या आणि आपली संस्कृती जगण्याच्या हक्काचा भंग केला, असे तिने म्हटले. दफनभूमीची धूप आणि पुढच्या पिढीकडे परंपरा सोपवण्यातील अडथळे हे तेथे कायदेशीर हानीचे पुरावे ठरले. मात्र १५ जुलै २०२५ रोजी ऑस्ट्रेलियाच्या संघीय न्यायालयाने त्याच सामुद्रधुनीतील रहिवाशांचा दुसरा दावा फेटाळला. बेटांवर होणारे परिणाम न्यायालयाने मान्य केले. पण 'आयलान कस्टम', म्हणजे बेटवासीयांची जीवनरीत, लोप पावण्याची भरपाई निष्काळजीपणाच्या प्रचलित कायद्यात मिळू शकत नाही, असे ठरवले. एकच अनुभव एका व्यासपीठावर पुरावा ठरतो आणि दुसऱ्यावर त्याला भाषांतरच सापडत नाही, हे यावरून स्पष्ट होईल.

यानंतर आठच दिवसांनी हेगच्या न्यायालयाचे मत आले. त्याचा आरंभ २०१९ मध्ये एका वर्गात झाला होता. साउथ पॅसिफिक विद्यापीठाच्या पोर्ट व्हिला येथील परिसरात कायदा शिकणाऱ्या २७ विद्यार्थ्यांनी हवामानबदलाचा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयासमोर न्यावा, यासाठी संघटना स्थापन केली. पलाऊने २०११ मध्ये केलेला तसाच प्रयत्न सफल झाला नव्हता. व्हानुआतूच्या सरकारने विद्यार्थ्यांची कल्पना २०२१ मध्ये स्वीकारली. मार्च २०२३ च्या पहिल्या आठवड्यात 'ज्यूडी' आणि 'केव्हिन' ही दोन तीव्र चक्रीवादळे दोन-तीन दिवसांच्या अंतराने त्या देशावर आदळली. त्याच महिन्याच्या २९ तारखेला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने न्यायालयाचे सल्लादायी मत मागणारा ठराव सर्वसंमतीने स्वीकारला.

डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या सुनावणीत ९६ राष्ट्रे आणि ११ आंतरराष्ट्रीय संस्था सहभागी झाल्या. व्हानुआतूचे हवामानविषयक तत्कालीन विशेष दूत राल्फ रेगेनव्हानू हे मूळचे मानवशास्त्रज्ञ आणि राष्ट्रीय सांस्कृतिक केंद्राचे माजी संचालक आहेत. या केंद्राच्या योजनेत ग्रामस्थच क्षेत्रकार्यकर्ते म्हणून आपापल्या भाषांतील परंपरांची नोंद ठेवतात. मौखिक परंपरा जतन करण्याच्या कामात घडलेली व्यक्ती आंतरराष्ट्रीय न्यायालयात राष्ट्राची बाजू मांडते, हा केवळ योगायोग मानण्याचे कारण नाही. बाधितांचे म्हणणे कसे ऐकावे, नोंदवावे आणि दुसऱ्या भाषेत न्यावे, हे कौशल्य दोन्ही कामांना समान आहे.

न्यायालयाने २३ जुलै २०२५ रोजी एकमताने मत दिले. हवामानव्यवस्थेचे रक्षण करण्याचे राष्ट्रांचे दायित्व केवळ हवामानविषयक करारांतून येत नाही, रूढ आंतरराष्ट्रीय कायद्यातूनही येते. त्याचा भंग झाल्यास ते कृत्य थांबवणे, पुन्हा न करण्याची हमी देणे आणि कार्यकारणसंबंध सिद्ध होत असल्यास पूर्ण परिमार्जन करणे हे परिणाम संभवतात. एखाद्या राष्ट्राची भूमी पाण्याखाली गेली म्हणून त्याचे राष्ट्रत्व आपोआप संपत नाही, असे मुद्दे त्यात आहेत. हे मत बंधनकारक नाही, आणि प्रत्येक दाव्यात कार्यकारणसंबंध स्वतंत्रपणे सिद्ध करावा लागेल. तरीही २०१५ मध्ये वाटाघाटींच्या भाषेतून बाहेर काढलेला 'भरपाई' हा शब्द कायद्याच्या भाषेत परत आला, हे या मताचे फलित आहे.

६. 'आम्ही'च्या आतले प्रश्न

'आम्ही' हे सर्वनाम निर्दोष आहे, असे मात्र समजता येणार नाही. पॅसिफिक बेटांच्या राष्ट्रमंचात कोळशाचा मोठा निर्यातदार असलेला ऑस्ट्रेलियाही सदस्य आहे. २०१९ मध्ये तुवालू येथे भरलेल्या बैठकीत कोळशाच्या उल्लेखावरून तीव्र मतभेद झाले. ऑस्ट्रेलिया आणि तुवालू यांच्यात २०२३ मध्ये झालेल्या आणि २०२४ पासून अमलात आलेल्या कराराला 'फालेपिली', म्हणजे शेजारधर्म, हे तुवालूच्या भाषेतील नाव दिले आहे. त्यानुसार वर्षाला २८० पर्यंत तुवालूवासीयांना ऑस्ट्रेलियात राहण्याची संधी मिळते; त्याचबरोबर तुवालूला संरक्षणविषयक इतर करार करण्यापूर्वी ऑस्ट्रेलियाची संमती घ्यावी लागते. शेजारधर्मालाही अट असते, हे येथे दिसते.

भारताची भूमिकाही या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. हेगच्या सुनावणीत भारताने विकसित राष्ट्रांच्या ऐतिहासिक उत्तरदायित्वावर भर दिला, आणि न्यायालयाने विद्यमान करारांपलीकडे नवी दायित्वे निर्माण करू नयेत असेही सांगितले. दरडोई उत्सर्जन कमी, पण एकूण उत्सर्जनात जगात वरचे स्थान, अशा देशाची ही स्वाभाविक अडचण आहे. परंतु बाहेर 'आम्ही' म्हणणारे राष्ट्र देशांतर्गत लगेच 'आपण' म्हणू लागते. सुंदरबनातील घोरामारा बेटावरचे शेतकरी आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरील सातभाया येथून बागपतियाला हलवलेली कुटुंबे यांना राष्ट्राच्या 'आपण'मध्ये स्वतःचे स्वतंत्र म्हणणे कोठे मांडता येते, हा प्रश्न उरतो. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये माळढोक पक्ष्यासंबंधीच्या प्रकरणात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क संविधानाच्या १४ व २१ या अनुच्छेदांत पाहिला. हा हक्क प्रत्यक्षात कोणाच्या मुखातून उच्चारला जाईल, हे पुढे ठरावयाचे आहे.

७. मराठीतील एक संज्ञा

या संदर्भात मराठीतील एका प्रत्ययवत् पदाचा उल्लेख केला पाहिजे. आंतरराष्ट्रीय अहवालांत बाधित समाजांसाठी जी विशेषणे वापरली जातात, त्यांचा मराठी अनुवाद 'दुर्बल', 'असुरक्षित' किंवा 'जोखीमप्रवण' असा केला जातो. ही सर्व विशेषणे सोसणाऱ्याचा गुण सांगतात. कर्त्याचा पत्ता लागू देत नाहीत. मराठी सार्वजनिक व्यवहाराने मात्र 'धरणग्रस्त' आणि 'प्रकल्पग्रस्त' हे शब्द घडवले. 'ग्रस्' म्हणजे गिळणे. पंचांगातील 'ग्रस्तोदित' हे पद त्याच धातूचे. 'पूरग्रस्त' या शब्दात गिळणारा निसर्ग आहे, तर 'धरणग्रस्त' या शब्दात गिळणारी वस्तू माणसाने विचारपूर्वक, नकाशा काढून आणि मंजुरी देऊन उभी केलेली आहे. १९२१ मध्ये सुरू झालेल्या मुळशी सत्याग्रहापासून ज्या प्रदेशाने धरणाविरुद्धचा लढा पाहिला आणि ज्या राज्याने १९७६ मध्ये विस्थापितांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा केला, तेथे हा शब्द दयेचा न राहता दाव्याचा झाला. लोकांनी तो स्वतःच्या संघटनांच्या नावांत घेतला.

हवामान-न्यायाची चळवळ म्हणजे बाधितांना 'पूरग्रस्त' या वर्गातून 'धरणग्रस्त' या वर्गात नेण्याची चळवळ होय, असे म्हणता येईल. चक्रीवादळ हे केवळ आकाशातून आलेले संकट नाही. त्याच्या वाढत्या तीव्रतेमागे माणसांनी घेतलेले निर्णय आहेत, हे ती सांगते. 'उत्सर्जनग्रस्त' असा शब्द मराठीत अद्याप रूढ नाही. तो घडवण्यास भाषेची हरकत नसावी.

मराठी दलित आत्मकथनांचा अनुभवही येथे उपयोगी आहे. दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ मध्ये प्रसिद्ध झाल्यानंतर समीक्षेला 'आत्मचरित्र' या संज्ञेहून वेगळी 'आत्मकथन' ही संज्ञा आवश्यक वाटू लागली. कारण तेथील 'मी' एकट्याचा नव्हता, त्यामागे 'आम्ही' उभा होता. वाचकाला सामावून न घेता त्याला उत्तरदायी ठरवणारे ते कथन होते. हेग येथे वाचल्या गेलेल्या साक्षी आणि ही आत्मकथने यांचे विषय, काळ व प्रदेश भिन्न आहेत. त्यांच्यात प्रभावाचा संबंध नाही. परंतु श्रोत्याशी नाते जोडण्याची त्यांची रीत एक आहे, आणि तौलनिक अभ्यासाला तेवढा आधार पुरेसा आहे.

८. समारोप

वरील विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. एक, हवामान-न्यायाचा वाद हा विज्ञान मान्य असणारे व नसणारे यांच्यापुरता मर्यादित नाही; विज्ञान मान्य असणाऱ्यांतही कर्ता कोण, यावर तो चालू आहे. दोन, बाधितांच्या बाजूचे संशोधन आणि बाधितांची साक्ष ही परस्परांची पर्यायी साधने नाहीत. तुवालूची किनारारेषा मोजणारा आणि कंदाच्या खड्ड्यात खार आल्याचे सांगणारा, दोघांचे म्हणणे एकत्र वाचल्याखेरीज हानीचे स्वरूप कळत नाही. तीन, अनुवाद हे या क्षेत्रातील दुय्यम काम नाही; 'सामाईक' की 'समान', 'भरपाई' की 'मदत', 'दुर्बल' की 'ग्रस्त' या निवडींवर दाव्याचे स्वरूप ठरते.

'युमी' हे व्हानुआतूचे राष्ट्रगीत आहे, 'मिफाला' ही त्याची न्यायालयातील भूमिका आहे. या दोहोंत विरोध नाही. 'आम्ही'चा हिशेब आधी ऐकला गेला, तरच 'आपण' हे सर्वनाम प्रामाणिकपणे उच्चारता येते. भारतीय भाषांपैकी ज्या भाषांनी हा भेद सांभाळला आहे, त्यांच्या अभ्यासकांनी हवामानविषयक करार, अहवाल आणि साक्षी यांचे वाचन या अंगाने हाती घेतले, तर तौलनिक साहित्याभ्यासाला एक नवे आणि निकडीचे क्षेत्र उपलब्ध होईल.